ठिणग्या सांगणारी

कुमासीत, सुआमेच्या त्या गल्लीत
जिथे ट्रक मरायला येतात
आणि सुटे सुटे होऊन पुन्हा कामाला लागतात,
ओपानिन बादूंच्या टपरीत मी लागले
ती त्यांचे डोळे म्हणून.

मोतीबिंदू. दोन्हीकडे.
"आत कुणीतरी दूध सांडलंय," म्हणायचे
आणि हाती आलेला तुकडा फिरत्या सहाणेवर टेकवायचे.
"सांग."

पहिला महिनाभर मी सांगायचे, छान आहेत ठिणग्या.
"छान हा कुठला ग्रेड?"

मग शिकले.
फाटकाचा गज, मऊ पोलाद:
लांबच लांब रेघा, वाळल्या गवताच्या रंगाच्या,
वाटेत कुठे न थांबणाऱ्या.
ट्रकचा पाटा, सागाचे ओंडके वाहून वाकलेला:
रेघ मध्येच फुटते, तिला फांद्या येतात.
बेअरिंगची गोळी: चाकापाशीच झुडूप, दाट, भांडखोर.
ड्रिलचं पातं, टंगस्टनवालं: मलूल लाल, तुटक,
जणू कुणी चुलीला फुंकर घालायची विसरलं.
दवाखान्यातला स्टेनलेसचा ट्रे: आखूड, नारिंगी, कंजूष,
लोहचुंबकालासुद्धा ओळख न देणारा.
खडी फोडायच्या यंत्राचा जबडा, मँगनीजचा,
बडवावा तितका कठीण होत जाणारा.
"माझी सासू," ओपानिन म्हणाले, आणि खूप वेळ हसले.

पाट्याचे आम्ही कोयते करायचो, कोकोच्या मळ्यांसाठी.
पात्याला पाणी द्यायचं म्हणायचं
आणि पाणी कुठेच नसायचं:
अर्धं पिंप पाम तेल, वर जळक्या खमंग धुराची झालर.
पाण्यात हा पाटा चिडून तडकतो, तेल त्याची समजूत घालतं.
मग पुन्हा मंद आच. रंग चढतात,
गवती, तपकिरी, जांभळा,
आणि जांभळ्याला मी ओरडायचे, "आता!"
माझ्या एका शब्दावर
एका माणसाचं पोट आणि दुसऱ्याची बोटं.

मग वोफा आला. आईचा भाऊ.
माझी शाळेची फी भरणारा, नवे बूट घातलेला,
तीन मजल्यांसाठी चौदा टन सळई विकत घेऊन बसलेला.
सळईवर उठावाचे आकडे: ५००.
"प्रमाणपत्र आहे," म्हणाला. "फक्त म्हाताऱ्याचा शब्द हवा,
मालकाला दाखवायला."

सहाण फिरली.
"सांग."

मला दिसलं ते मी पाहिलं.
झुडूप. चाकापाशीच. दाट.
वोफाच्या बुटावर एक ठिणगी विझली,
त्याने ती पाहिली, मी पाहिली.

"फाटे किती?" ओपानिननी विचारलं.
त्यांनी मान कलती केली होती, कान चाकाकडे.
कळलं असेल का त्यांना आवाजावरूनच?
मी अजून ठरवू शकलेले नाही.

"मोजता येत नाहीत इतके," मी म्हटलं.

सळई शेगड्यात धरली, पाइप लावून वाकवली.
वाकायला हवी होती, केसाच्या पिनेसारखी.
पेरावर ऊस मोडावा तशी मोडली.
गल्लीतले घण थांबले नाहीत,
इथे मोडण्याचा आवाज कुणी वळून ऐकत नाही.

वोफा बोलला नाही. प्रमाणपत्राची घडी
जिथे होती तिथेच, पुन्हा पुन्हा घातली.
नंतर म्हणाला, "चौदा टन,"
मला नाही, ओपानिनना नाही, पिंपातल्या तेलाला.

त्या सत्राची फी आली नाही.
सळई परत गेली की दुसऱ्या कुणाच्या जिन्यात गेली,
ते विचारायला मी आईला पाठवलं, आणि आई गेली नाही.

तुटका तुकडा ओपानिननी ठेवून घेतला.
"पोलाद वाईट नाही गं. घर धरायला नको बसवू त्याला, एवढंच."
तापवला, ठोकला, तेलात दिला,
गवती रंगाला मी "आता" म्हटलं,
आणि त्याची छिन्नी झाली, अशी तिखट
की तिने पुढे बाकीच्या सळया कापता आल्या असत्या.

माझ्याकडे आहे ती. मुठीपाशी आकडे अजून लागतात बोटांना:
पाच, शून्य,
आणि पुढचं शून्य अर्धंच, जिथे मोडली तिथलं.