आत किती नग

लक्ष्मी रोडला, पहिल्या मजल्यावर,
ट्रायल रूमच्या तोंडाशी माझं स्टूल.
नग मोजायचे, तेवढ्या आकड्याचा बिल्ला द्यायचा,
बाहेर आल्यावर पुन्हा मोजायचे.
अकरा वर्षं.

दार जमिनीपासून वीतभर वर आहे,
मला नुसती पावलं दिसतात.
टाचा उचलल्या की समजावं
बाई आरशात स्वतःला लांबवून बघतेय.
बोटं आत वळली की चेन अडकलीय
आणि श्वास कोंडून धरलाय.
पावलं बराच वेळ हललीच नाहीत
तर त्या दारावर मी कुणाला टकटक करू देत नाही.

कोथरूडच्या पाठकबाई, कॉलेजात शिकवतात,
दर दिवाळीला एक कुर्ता घेतात, एक माप लहान.
"होईल तोवर," म्हणतात.
हे चौथं वर्ष.
त्यांच्या कपाटात एक बारीक बाई राहते,
तिचे कपडे ह्यांच्यापेक्षा भारी आहेत.

वडगाव बुद्रुकचा पोरगा, गळ्याची हाडं वर आलेली,
भर मे महिन्यात जॅकेट मागत होता.
आत दोन बनियन.
पावडरच्या डब्यात पगार गेलेला,
जॅकेट हप्त्यावर.

धाकट्या शेठनी आरसे बदलले गेल्या साली.
किंचित मागं कलते, वर पिवळा दिवा,
माणूस अर्धा इंच उतरतो त्यात.
विक्री वाढली.
बदलून न्यायला येणारेही वाढले,
घरचा आरसा सरळ असतो ना.

गुरुवारी एकीनं बिल व्हायच्या आधीच कात्री मागितली.
मानेजवळचं लेबल काढून द्या.
"टोचतं का?"
"हो."
तीन एक्स. सॅटिनची पट्टी, लोण्यासारखी,
ती काय टोचणार.
मी कापलं. तिनं ते टाकलं नाही,
घडी घालून पर्सच्या चोरकप्प्यात ठेवलं,
जसं काही कचऱ्यात कुणी शोधायला येणार होतं.

त्याच रात्री, शटर अर्धं खाली आल्यावर,
एक जांभळा ड्रेस घेऊन मी आत गेले.
जाताना बिल्लाही घेतला, एक आकड्याचा,
माझा माझ्याकडूनच. सवय.
वर बघायचा धीर होईना
म्हणून खाली पाहिलं.
टाचा उचललेल्या होत्या.

स्टाफला वीस टक्के सूट.
बिलाच्या पोरीनं विचारलं, "मावशी, कुणासाठी?"
"भाचीसाठी," म्हटलं.
भाची मला नाही.

धनकवडीला, गादीखाली, पिशवीतच आहे अजून.
बदलायची मुदत सात दिवस.
आज नववा.