वयाला साजेशी गळती

पाकीट मंगळवारी आलं.
वर टाइप केलेलं: श्रीमती चित्स्के नाउता.
चष्मा सापडेपर्यंत कॉफी निवली.

'डावीकडच्या झडपेतून किंचित गळती.
डावा कप्पा सैलावताना जरासा ताठ.
अधूनमधून जादा ठोका.
एकंदरीत वयाला साजेसं.'

वयाला साजेसं!
हे तर कोटांच्या दुकानातली बाई म्हणाली होती
राखाडी कोट पुढे करत.
मी लाल मागितला होता.

लेकीने रॉटरडॅमहून विचारलं,
"किंचित म्हणजे किती?"
"लिहिलं नाही," मी म्हटलं.
ती गप्प झाली.
रात्री जागून तिने कुठलं कुठलं वाचलं
आणि सकाळी माझं मीठ बंद केलं.

मीही कुठे झोपले होते.
उशीत कान खुपसून मोजत होते:
एक, दोन, तीन,
मग एक आगाऊ ठोका, रांग मोडून पुढे घुसलेला,
आणि त्याच्यामागे लांबलचक थांबा.
इतका लांब, की हिल्के त्यात
दारात बूट काढून आत यावा.
काळजाचा ठोका चुकला म्हणतात, तो हाच का?
मग तो जन्मभर चुकत आला असणार.
पोर गोठलेल्या तळ्यावरून अंधार पडला तरी परतली नाही,
तेव्हा चुकला होता,
आणि कुणी कागदावर लिहिला नव्हता.

तपासणीतल्या मुलीचे हात गार, मलम त्याहून गार.
"श्वास सोडा. आता धरून ठेवा."
पडद्यावरच्या राखाडी अंधारात
दोन पातळ पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या,
आणि प्रत्येक मिटण्याला
निळ्या रंगाची एक चिळकांडी मागे उडत होती.
"अगं, हे तर माझे दरवाजे!" मी म्हटलं.
ती हसली. म्हातारीची गंमत वाटली तिला.

एकतीस वर्षं मी कालव्याचे दरवाजे राखले.
बोटवाल्यांचे पैसे गळाच्या काठीला टांगलेल्या
लाकडी बुटात झेलले.
ओकची दोन दारं, चढ्या पाण्याकडे टोक काढून मिटणारी.
त्यांना कडी नाही, कुलूप नाही.
जे पाणी अडवायचं
तेच त्यांना एकमेकींवर दाबून धरतं.
आणि मधल्या सांध्यातून कायम,
अगदी नवी बसवली त्या उन्हाळ्यातही,
दोरीएवढी धार.

पाहुणे बोट दाखवायचे, "बाई, गळतंय!"
गळू दे, मी म्हणायची.
लाकूड ओलं असलेलं बरं, सुकलं तर तडकेल.

एका मार्चमध्ये मात्र
ती धार एका रात्रीत मनगटाएवढी झाली होती.
पंपवाले पहाटे आले, फळी बदलली.
हे मी लेकीला सांगितलेलं नाही.
हिल्केचं काळीज तर
कसलाही कागद न पाठवताच थांबलं,
हेही तिला वेगळं सांगायला नको.

डॉक्टर म्हणाला, "दोन वर्षांनी पुन्हा बघू."
गोळी नाही, पथ्य नाही.
"मीठ?" मी विचारलं.
"बेतानं," तो म्हणाला, घड्याळाकडे बघत.
दोन वर्षांनी मी एक्क्याऐंशीची असेन.
एवढ्या पुढच्या तारखेचं आमंत्रण
मला बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नव्हतं.

परतताना कालव्यावर उतरले.
आता दारं लेवार्डनमधून कॅमेऱ्यावर चालतात.
खांबावरच्या त्या डोळ्याला मी हात केला,
बघत असेल कोणी तर बघो.
खाली सांध्यातून धार चालूच होती,
माझ्या वेळेपेक्षा कणभर जास्त,
की मलाच तसं वाटलं.
एक बदक तिच्याखाली मान धरून उभं होतं.

दोन वर्षं म्हणजे दोन हिवाळे.
लाल कोटाचे पैसे वसूल होतील.