अकरा ते पाच चाळीस

तारीख आणि पाणी पुन्हा एकाच दिवशी आलं.
नळाला चार दिवसांनी धार, आयोगात अकराला पुकारा.
शेजारच्या यल्लव्वाला दोन घागरी सांगून
विडी घरकुलातून रिक्षा धरली,
पिशवीत फाईल, फाईलीला सुती दोरा,
विड्यांच्या कट्ट्याला बांधतात तसला.

"तक्रारदार हजर?"
चार वर्षं झाली, या नावाला ओ देताना अजून जीभ अडते.
त्या रात्री तक्रार करायला हवी होती.
तेव्हा मी चपला दाराबाहेर काढून
खाटेच्या पायथ्याशी गप्प बसले होते.

अंबादासच्या तळहातात जेकार्डची तार घुसली होती.
जखम डाळिंबाच्या दाण्याएवढी.
तीन दिवस हळद लावली. हे मी कबूल केलंय,
प्रतिज्ञापत्रात सातवा परिच्छेद.
समोरच्या वकिलानं तो दोनदा मोठ्यानं वाचला.
चौथ्या दिवशी त्याला हुडहुडी भरली,
मे महिन्यात, सोलापुरात,
त्रेचाळीस डिग्रीत त्यानं चादर मागितली.

दवाखान्यात रक्त घेतलं, सलाईन लावलं.
"ताप आहे, उतरेल," सिस्टर म्हणाली.
तिच्यावर नीट रागावताही येत नाही.
एकटी होती पोर, अठरा खाटा.
त्याचा श्वास माग चालल्यासारखा,
खटखट, खटखट, मध्येच धोटा चुकलेला.
मी तिला दोनदा उठवलं.
"पुरावा?" वकिलानं विचारलं.

पुरावा म्हणजे कागद.
कागदावर अकरानंतर नाडी नाही, रक्तदाब नाही, लघवी नाही.
रांगेनं कोरे चौकोन.
रक्ताचा रिपोर्ट आला बारा दहाला, शिक्का आहे,
लॅक्टेट नावाची ओळ ठळक छापलेली.
डॉक्टरांची सही पाच चाळीसची.
बिराजदार वकीलबाईंनी दोन्ही वेळांखाली लाल रेघ मारली,
म्हणाल्या, "आपली केस इथं आहे."
मी म्हणाले, आमचा माणूस पण इथंच गेला.

घरी आमची तेलुगू,
वकीलबाई अध्यक्षांशी मराठी, कारकुनाशी कन्नड,
कागद सगळे इंग्रजी.
सेप्सिस चारही भाषांत सेप्सिसच.
सासू अजून त्याला बाहेरचं म्हणते.

मी अकरा वर्षांची असल्यापासून विड्या वळते.
माझ्या लॉगबुकात कामाचा एक दिवस कोरा नाही.
हजारात तीस छाट गेल्या तर तिसांचे पैसे कापतात.
चेकर बोटांत धरून दाबतो,
ढिली लागली की फेकतो,
आणि फेकलेलीसुद्धा लिहितो.

तज्ज्ञ समितीचा अहवाल दीड पानाचा.
उपचार मान्य पद्धतीनुसार.
आणि अगदी खाली, सहीच्या वर: नोंदी अपूर्ण आहेत.
त्या एका ओळीला धरून आम्ही दीड वर्ष काढलं.

आज निकाल. तक्रार अंशतः मंजूर.
"अंशतः म्हणजे थोडी," कारकून म्हणाला.
नऊ लाख, सात टक्के, पंचेचाळीस दिवस.
ते अपिलात जाणार, मुंबईला,
वकीलबाईंनी बाहेर जिन्यातच सांगितलं.
मी निकालाची प्रत मागितली,
आणि त्या तक्त्याची एक झेरॉक्स.
"त्याची आता गरज नाही," त्या म्हणाल्या, तरी दिली.

यल्लव्वानं दोनाच्या तीन घागरी भरून ठेवल्या होत्या.
रात्री पोरगी झोपल्यावर
सूप भिंतीला टेकवलं आणि पेन घेतलं.

बारा. पाणी मागितलं.
एक. पाय गार पडले. सिस्टरला उठवलं.
दोन. आईला हाक मारली, ती इथं नव्हती.
अडीच. म्हणाला, जॉबर येईल, माग बंद करून ये.
बरं म्हणाले. पुन्हा उठवलं.
चार. नखं निळी.
पाच. मला ओळखलं नाही.

तीनला माझा डोळा लागला होता.
तो चौकोन मी कोरा ठेवला.