छाट

संपादकांनी कळवलं होतं : बाराशे शब्द,
सोपं ठेवा, उदाहरण घरातलं द्या,
शेवटी दोन ओळी स्वतःविषयी.
पाहुण्या म्हणून या आमच्याकडे.
पाहुणी म्हटल्यावर मी आधी
ओढणी सारखी केली, मग हसले.

विषय माझाच : मोजणी शून्यापासून का.
आठ वर्षं पुण्याच्या कंपनीचं काम
विडी घरकुलातल्या या खोलीतून करते,
पत्र्याखाली, बेचाळीस अंशांत,
लॅपटॉपच्या बुडाशी ओलं फडकं घालून.
शून्य माझ्या बोटांत बसलंय.
पण सांगायला बसले की
इमारतीचे मजले, रांगेतली माणसं,
सगळी उदाहरणं कुणीतरी आधीच वापरलेली,
आहेरातल्या पातेल्यांसारखी
या घरातून त्या घरात फिरणारी.

रात्री दीडला बाराशेतले नऊशे खोडले.
अम्मा उंबऱ्याशी, सूप मांडीवर.
ओल्या गोणपाटात पानं, कात्री,
पत्र्याचा फर्मा, चिमूटभर जर्दा,
नखाने तोंड मिटायचं, दोरा.
ओकटी, रेंडू, मूडू.
पंचविसाचा कट्टा.
तिचा हिशोब तेलुगूत, भांडण मराठीत,
आणि ब्रँचमधल्या चेकरसमोरचं गप्प बसणं
कुठल्याच भाषेत नाही.

मोजायला लागण्याआधी ती एक पान
सुपाच्या कडेला ठेवते, मोकळंच.
लहानपणापासून बघत आले,
विचारलं कधी नव्हतं.
"ते कशाला?"
"हितून निघायचं म्हणून."
"मग ते मोजत नाहीस?"
"निघायच्या जागेला कोण मोजतंय बे?
कन्ना चौकातून निघालीस
तर कन्ना चौक किती लांब?"

तसंच लिहिलं.
फक्त "निघालीस"चं "निघालात" केलं,
मग पुन्हा "निघालीस".

लेख परत आला, कडेला लाल खुणा.
विडीचा परिच्छेद काढूया का?
वाचक विद्यार्थी आहेत, तंबाखू बरा दिसत नाही.
मला तो चेकर आठवला.
मान वर न करता कट्टा सोडतो,
चार-पाच विड्या डब्यात टाकतो.
छाट.
का, ते सांगत नाही.
छाटीचे पैसे नाहीत, छाट परतही नाही.
हे निदान विचारत तरी होते.
कळवलं : तंबाखू काढा, पान राहू द्या.
पान राहिलं.

स्वतःविषयीच्या दोन ओळींना लेखाहून जास्त वेळ लागला.
शेवटी : नागमणी कोंड्याल यांची मुलगी. सोलापूर.
त्यांनी पुढे माझं पद जोडलं, कंपनीचं नाव जोडलं,
पहिली ओळ मात्र तशीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी बार्शीहून एका मुलाचं पत्र,
सुमेध गवसाणे, डिप्लोमा, दुसरं वर्ष.
मॅडम, लेख फार आवडला.
फक्त चौदाव्या ओळीत
"पेक्षा लहान" हवं होतं,
तुम्ही "लहान किंवा समान" घातलंय.
एक फेरी जास्त होतेय.

एकाच्या चुकीवर लिहिलेल्या लेखात
नेमकी एकाची चूक.
कान तापले.
तीनदा चालवून पाहिलं, पोराचं बरोबर होतं.

अम्माला सांगितलं, जमेल तसं.
ती इतकी हसली की सूप कललं,
जर्दा फरशीवर.
"तुझी पण छाट निघाली की बे!
आणि यानं का ते पण सांगितलं?"
सांगितलं, म्हटलं.
"मग पोरगं चेकर नव्हं."

मी ओळ दुरुस्त केली, खाली लिहिलं :
चौदावी ओळ, सुमेध गवसाणे, बार्शी.
वळून बघते तर अम्मा
पदराच्या टोकाने जर्दा गोळा करतेय.
कुठवर आलो होतो, विसरली.
अर्धा कट्टा सुपात मोकळा केला,
कडेचं पान उचललं, झटकलं,
पुन्हा ठेवलं.