शेरा

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी जाते
सेवजीदच्या विहिरीवर.
कंपनीची जीप, कंपनीचं जाकीट,
खिशावर माझं नाव, खाली हुद्दा: लोकसंपर्क.
माझा बाप याच माळावर उंट राखायचा,
म्हणून ही नोकरी मला मिळाली, हे सगळे जाणतात.
मीही जाणते.

गोबीत वाट विचारली तर लोक हनुवटीने दाखवतात.
खाणीचा खड्डा इथून दिसत नाही,
दिसते तिची धूळ,
दुपारनंतर, पिवळट,
पाटीवरची अक्षरं पुसल्यासारखी.

आधी चहा. मीठ घातलेला, दुधाळ.
चहाआधी कामाचं काढणं म्हणजे
दारातूनच माघारी जाणं.
मग ती विचारते, जनावरं कशी आहेत तुझी?
मी राहते तिसऱ्या मजल्यावर,
तरी रीतीप्रमाणे म्हणते, धष्टपुष्ट.

विहिरीवर टेप तिच्या हातात.
कंपनीनेच दिली, वापरायला शिकवली:
टोकाला पितळी वजन, ते पाण्याला टेकलं
की वर चकतीत पिपाणी वाजते.
पहिल्या वर्षी सात मीटरला वाजायची.
मग आठ-वीस.
यंदा वसंतात, अकरा.

कागदावर रकाने: तारीख, खोली, वास, रंग.
शेवटी शेरा, एक ओळ.
वरून सांगून ठेवलंय,
शेऱ्यात शक्यतो काही नको,
तक्त्यात बसत नाही.

खोटं कशाला बोलू.
झुदच्या हिवाळ्यात, बर्फाचं कवच खुरांनी फुटेना,
तेव्हा चार ट्रक गवत आम्हीच आणलं.
तिच्या सत्तर शेळ्यांतल्या एकेचाळीस
त्या गवतावर तगल्या.
नात शिकते ती आमच्या शिष्यवृत्तीवर,
आणि तोंडातली वरची कवळी
आमच्या शिबिराची.
वार्षिक अहवालात सेवजीद हसतेय, हातात टेप,
खाली छापलंय: पाण्याचे सहरक्षक.
तिने तो फोटो कापून गेरमध्ये लावलाय
नवऱ्याच्या पदकांशेजारी.
म्हणते, यात मी तरणी दिसते.

आज टेप सोडली.
आम्ही दोघी कान देऊन.
बारा.
साडेबारा.
वाजली.

तिने आकडा विचारलाच नाही.
ती सांडणीकडे बघत होती.
हौदात टँकरचं पाणी, आमचंच, स्वच्छ, तपासलेलं.
सांडणीने नाक घातलं, फुरफुरली,
आणि मान वळवून उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली,
जिथून ओढा यायचा,
आम्ही वळवण्याआधी.

"लिही," सेवजीद म्हणाली. "शेऱ्यात."
मावशी, तो रकाना...
तिने कवळी काढली, डेलच्या बाहीला पुसली,
पुन्हा बसवली, टक्.
"दात तुमचे. बोलणं माझं. लिही."

मी लिहिलं: सांडणीने पाण्याला तोंड लावलं नाही.
ओळ तिथेच संपली.
"तिचं वय घाल. एकोणीस.
नाहीतर म्हणतील, पोर आहे, हट्ट करते."
रेघ ओलांडून मी समासात लिहिलं.

जीपपाशी येऊन तिने
खिडकीतून वाळल्या दह्याचे खडे दिले,
जाकिटाच्या खिशात, माझ्या नावामागे.
"आणि पुढच्या खेपेला
लांब टेप आण," म्हणाली.
"ही पंधराच मीटरची आहे."