एक हात चपड्याचा

नागभीडहून मांडीवर घेऊन आले
चार लिटरचा डबा. पांढरा.
कंडक्टर म्हणाला, याचं बी तिकीट लागते बाई.

घरात सहा दारं, खिडक्यांच्या चार चौकटी,
आणि भिंतीच्या पायाशी धावणारी लाकडी पट्टी,
गावात कुणाकडेच नाही अशी.
सगळं ह्यांच्या हातचं. सगळं काळं.
डेपोच्या लिलावातलं सागवान,
त्यावर अक्रोडी रंग, त्यावर पॉलिश,
कापसाच्या बोळ्यानं, गोल गोल,
बावीस वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात.
लोक आधी दार बघायचे, मग आम्हाला.
शीशमच वाटते पत्रूजी, म्हणायचे,
आणि हे शीशम नाही
हे सांगायचं ह्यांच्या लक्षातून जायचं.

आता ह्यांना काळ्यातलं काळं दिसत नाही.
डॉक्टर म्हणाला, बाजूचं जातं आधी,
मधलं राहतं थोडे दिवस.
कपाळावर तीन खुणा आहेत,
तिन्ही न्हाणीच्या दाराच्या.
रात्र, अर्धवट उघडं दार,
स्वतःच रंधलेली कड.
"कड बरी निंगाली होती," म्हणाले, रक्त पुसत.

म्हणून डबा. कुणाला न विचारता.
कौतिका दारात येऊन म्हणाली,
"सागवानाले पांढरं फासतं का वं कोनी?"
म्हटलं, "मी फासतो."

ऐंशी नंबरच्या कागदानं घासत गेले,
तपकिरी धूळ नाकात, केसांत, भाताच्या गंजावर.
हे ओसरीत बसून आवाज ऐकत होते.
दोनदा खोकले.
मग तिथूनच: "उभं घास. आडवं नोको."

पहिला हात दिला, दार गोरंमोरं झालं.
दुसरा दिला. सकाळी पाहते तर
गाठ होती तिथं पिवळा डाग,
चौकटीवर चहाचे ओघळ.
तिसरा दिला.
पुन्हा तेच, त्याच जागी,
हळदीच्या हातानं कुणी
आतून दार लोटावं तसं.

डबा आपटला मी. दुकानदाराचा उद्धार केला,
त्याच्या बापाचाही.
तेव्हा हे उठले,
पट्टीला पाय घासत, भिंत धरत आले,
आणि डागावर अंगठा ठेवला. थेट.
दिसला की ओला लागला, विचारलं नाही.
"सागाचं तेल हाय हे," म्हणाले,
"आनि माहा रंग. असा नाही दबत तो.
चपडा पाय बरं, पाटईवर, निळ्या बरनीत."

होता. मीनलच्या पोरासाठी केलेल्या
पाळण्यातून उरलेला,
माशीच्या पंखासारख्या पातळ चकत्या.
रात्रभर स्पिरीटमध्ये ठेवल्या.
सकाळी कापडाची पुरचुंडी केली, आत कापूस.
मी मनगट धरून डागापाशी न्यायची,
हे बोळा ओढायचे.
गोल नाही या वेळी. सरळ.
सहा दारं. दुपार झाली, जेवायचं राहिलं.
"याच्यानंच चमकोलं होतं," एवढंच म्हणाले,
चौथ्या दाराशी.

त्यावर पांढरा दिला.
मग काही वर आलं नाही.

त्या रात्री उठले. मी जागीच होते.
न्हाणीचं दार अर्धवट, अंधारात
वाळत घातलेल्या धोतरासारखं.
कडेशी थांबले, वळसा घेतला.
येताना मात्र रेंगाळले तिथं.
हात उंच केला,
दाराच्या वरच्या कडेवरून बोट नेलं
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
माझा ब्रश तिथवर पोचला नव्हता,
स्टूल लागणार होतं.

आले, आडवे झाले.
"वरची राह्यली," म्हणाले.
"माहीत हाय," म्हटलं.

अजून केली नाही.