तें

सदतीस सालचा अंक. दुर्भाटच्या वाचनालयात
तळच्या कप्प्यात, डांबरगोळ्यांच्या वासात सापडला.
गोष्ट साडेपाच पानांची. खाली सही : एक आगापूरकर.
मला फक्त मुद्रितं तपासायची होती.
नव्या छपाईत जुने अनुस्वार उडवायचे,
पानाला चाळीस रुपये.

गोष्टीत मानशीवरचा एक राखणदार. अवसेच्या रात्री
ओहोटी लागते आणि थांबतच नाही.
झुआरी उतरत जाते, तळ उघडा पडतो,
आणि चिखलात चांदण्या दिसतात
ज्या वर आभाळात नाहीत.
तो मोजायला लागतो. चारशेवर त्याला कळतं
की आपण मोजतोय हे तिकडे कुणाला तरी कळलंय.
शेवटची ओळ :
'मग मानशीचें दार आंतून वाजलें, आणि तें आलें.'

पहिला अडथळा 'आंतून'.
मानशीला आत कुठली? फळीच्या अलीकडे शेत, पलीकडे नदी.
डॉ. लोटलीकर म्हणाले, आत म्हणजे शेताकडून.
जे यायचं ते केव्हाच येऊन राहिलं होतं, भातात.
गुरुदास सर म्हणाले, नदीच आत. बाहेरचे आपण.

मग टिंबं.
टिंब असेल तर ते एक, नपुंसक, बिननावाचं.
नसेल तर अनेक. किंवा एकच, पण आदरानं,
भाऊसाहेब आले, तसे ते आले.
मी पान खिडकीशी धरलं.
'आलें'वरचं टिंब शाईचं.
'तें'वरच्या टिंबातून उजेड आला.
कसरीनं पाडलेलं भोक, नेमकं अनुस्वाराएवढं.
सर म्हणाले, तिनं शाईसकट खाल्लं असेल.
डॉक्टर म्हणाले, टिंब नव्हतंच तिथं.
कर्ता अनेक, क्रियापद एकटं :
पुष्कळ होते, आणि एकाच पायानं आले.
तेवढ्यात पंखा थांबला. वीज गेली होती, दुसरं काही नाही.

शनिवारी मानस बघायला गेलो.
पिएदाद बांधावर बसून सुंगटं निवडत होती.
तिला ओळ वाचून दाखवली, जुन्या धाटणीनं, नाकात.
तिनं मान वर केली नाही.
"तें म्हळ्यार चेडूं," म्हणाली. "आनी कितें?"

आमच्याकडे पोरीला 'तें' म्हणतात.
तें जेवलें, तें न्हिदलें, तें अजून येवंक ना.
हे मला बोलायला लागल्यापासून माहीत होतं.
साडेपाच पानं मी चिखलात डोळे नि शेपट्या शोधत होतो;
आणि दुसऱ्या पानावर राखणदाराच्या दारात
एक लहान झगा वाळत होता, अर्ध्या ओळीपुरता.
पुढे त्याचा उल्लेख नाही.
कुणाचा, ते आम्ही तिघांनीही विचारलं नव्हतं.
चारशे काय मोजले त्यानं? चांदण्याच?

खरं तर भीती कमी व्हायला हवी होती.
पोर बापाकडे आलं, एवढंच.
पण नदी जिथवर उतरली तिथून,
त्या खालच्या आभाळातून चालत येऊन
जे फळीवर लहान मूठ आपटतं,
दाराच्या कुठल्या बाजूला बाप आहे हे ठाऊक असल्यासारखं,
त्याला कुठल्या लिंगात हाक मारायची?

"दार उगडलें?" पिएदादनं विचारलं.
गोष्टीत नाही, म्हणालो.
"उगडलें आसतलें." तिनं एक कुर्ली बाजूला टाकली.

सोमवारी मुद्रितं गेली. तीनशेबारा टिंबं काढली.
शेवटच्या दोन शब्दांभोवती पेन्सिलीनं गोल केला,
समासात लिहिलं : आहे तसे असू द्यावे.
जुनं पान सोबत जोडलं.

संध्याकाळी फोंड्याहून छापखान्यातल्या पोराचा फोन :
सर, हे टिंब आहे की भोक?
बोट लावून बघ, म्हटलं.
बराच वेळ तिकडून फक्त यंत्राचा आवाज येत राहिला.